पोफळीवरचा लाल कोळी आणि त्याचे वैरी

नमस्कार बागायतदार मंडळी. मार्चनंतर पोफळीच्या, म्हणजे सुपारीच्या, कोवळ्या रोपांची पानं पिवळी पडून तांबूस व्हायला लागली की आपण खताला नाहीतर पाण्याला दोष देतो. आधी पान उलटं करा. पुन्हा सांगतो, पान उलटं करा. बारीक जाळीखाली फिकट ठिपके सरकत असले तर तो पांढरा कोळी (हा घरातला जाळं विणणारा कोळी नव्हे, पानाचा रस शोषणारी बारीक कीड). जाळी नसेल आणि लाल पुंजके संथ हलत असले तर तो लाल कोळी. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, औषधाच्या बाटलीपेक्षा स्वस्त पडतं. दुकानदाराला मोबाइलवर दाखवलेल्या फोटोत पानाची खालची बाजू नसतेच!

या लाल कोळ्याची गंमत ऐका. शास्त्रात त्याची नोंद झाली १९२४ मध्ये, कोइमतूरच्या माडाच्या पानावरून. पुढे ऐंशी वर्षं आपल्याकडे तो दुय्यम कीड म्हणूनच राहिला. २००४ मध्ये मात्र तो थेट कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर सापडला. मग रोपांबरोबर, वाऱ्याबरोबर, माडाच्या पातीच्या टोप्या-टोपल्यांबरोबर बेटामागून बेटं. २००६ मध्ये पोर्टो रिको, २००७ च्या डिसेंबरात फ्लोरिडा. माडावर हजारोंनी, शिवाय केळीवरही! तिथले भक्षक कोळी त्याला खाऊन वाढले, पण तेवढ्यानं भागलं नाही. आपल्याकडे त्याच्या मागावर मोहरीएवढी काळी ढालकिडी असते, स्टेथोरस. ती आणि तिची अळी कोळीही खातात, अंडीही.

आता सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक मारलंत की आधी हीच मरते, कारण ती पानभर हिंडते. कोळ्याची अंडी वाचतात आणि पंधरवड्यात पान पुन्हा लाल. डायकोफॉल या कोळीनाशकावर तर २०२३ मध्ये बंदीच आली.

तेव्हा फार लाल झालेली पानं काढून जाळा. बाकीच्यांवर खालून पाण्याचा जोरदार फवारा. कमी पडलं तर लिटरला ५ मिली कडुनिंबाचं तेल. साबण आधी पाण्यात विरघळवा, मग तेल घाला. नाहीतर तेल वर तरंगतं आणि पान करपतं. फवारणी संध्याकाळी, पानाच्या खालून, आणि फक्त लागण झालेल्या रोपांवर. सगळ्या बागेवर नको. नैऋत्येकडून ऊन येतं तिथं केळीची सावली धरा.

आठ दिवसांनी पुन्हा भिंग लावा. काळी ढालकिडी दिसली, तर पंप खोपीतच राहू द्या.