एका बोटाने वाजवलेली धून

श्रोतेहो, नमस्कार. मूळ धून आणि तिची रूपांतरे हा मोझार्ट आणि बेथोवेन यांच्या काळातील पियानोवादनाचा अतिशय लोकप्रिय प्रकार होता. आधी एक साधी धून वाजवायची आणि मग तिचा सांगाडा कायम ठेवून लय, सुरावट व स्वरमेळ बदलत जायचे, एवढाच त्याचा नियम. धून साधी असली तरी चालते. तिच्यातून काय काढले, हे महत्त्वाचे.

१८०० साली पॅरिसहून श्टायबेल्ट नावाचा नामांकित पियानोवादक व्हिएन्नाला आला. काउंट फ्रीस यांच्या घरी बेथोवेनने पियानो, क्लॅरिनेट आणि चेलो यांसाठी रचलेले आपले त्रिकूट वाजवले, तेव्हा श्टायबेल्टने वरवरची स्तुती केली. त्या त्रिकुटाचा अखेरचा भाग म्हणजे एका लोकप्रिय ऑपेरागीताची रूपांतरे होती. आठवड्याभराने त्याच घरी श्टायबेल्टने स्वतःचे पंचकूट सादर केले आणि नंतर नेमके तेच गीत घेऊन, घरून तयारी करून आणलेली झगमगीत रूपांतरे ऐकवली. बेथोवेन संतापला. पियानोकडे जाता जाता त्याने श्टायबेल्टच्या पंचकुटातील चेलोच्या स्वरलिपीचा कागद उचलला, तो उलटा ठेवला आणि त्यावरचे काही स्वर एका बोटाने ठोकून दाखवले. मग त्या स्वरांवर त्याने असे काही उत्स्फूर्त वादन केले, की ते संपण्यापूर्वीच श्टायबेल्ट निघून गेला. पुढे, बेथोवेनला बोलावणार नसाल तरच मी येईन, अशी अट तो यजमानांना घालू लागला. बेथोवेनचा शिष्य रीस याने हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

असे उत्स्फूर्त वादन आज पियानोच्या शिक्षणातून जवळजवळ हद्दपार झाले आहे आणि ही त्या परंपरेची फार मोठी हानी आहे, असे मला मनापासून वाटते.

म्हणूनच पुन्हा सांगतो, धून साधी असली तरी चालते. १८०२ मध्ये बेथोवेनने पियानोसाठी पंधरा रूपांतरे आणि एक फ्यूग, म्हणजे एकच सुरावट वेगवेगळ्या पदरांत एकामागून एक येत गुंफली जाणारी रचना, असे रचले, त्यात तर सुरुवातीला धूनच नाही. एका दणदणीत स्वरमेळानंतर फक्त तिच्या खालचे खर्जाचे स्वर हलक्या आवाजात येतात, मध्येच शांतता पसरते आणि एकच स्वर तीनदा जोराने ठोकला जातो. मग त्या खर्जावर दोन, तीन आणि चार पदरी विणकाम होते आणि त्यानंतरच धून अवतरते. पुढे तिसऱ्या सिम्फनीच्या अंतिम भागातही त्याने हीच धून आणि हाच खर्ज घेतला. आता पियानोवरील ही रचना ऐकू या. त्या तीन ठोक्यांकडे लक्ष ठेवा. धून सुरू झाल्यावरही ते पुनःपुन्हा भेटतील.