दुसरा बार : ठासणीच्या बंदुकीचं कमरेवरचं सामान

(दृश्य : वाघूर नदीचं कोरडं पात्र. भर दुपार.)

२८ एप्रिल १८१९. अजिंठ्याच्या डोंगरात शिकारीला आलेला मद्रास फौजेतला अधिकारी जॉन स्मिथ वाघूरच्या वळणावरच्या लेण्यांपाशी पोचला आणि दहाव्या लेण्यातल्या खांबावर स्वतःचं नाव नि तारीख कोरून गेला. लेण्यांची ही हकिगत सगळ्यांना ठाऊक आहे. आपण बघणार आहोत ते वेगळंच : त्या काळी खानदेशात रानात शिरणाऱ्या शिकाऱ्याच्या अंगावर काय काय असायचं, आणि ते जिथे असायचं तिथेच का असायचं.

शिकारीची बंदूक तेव्हा तोंडाकडून भरायची. एक बार उडाला की हातात उरायची नुसती लोखंडी नळी. पुढचा बार भरायला लागणारं सगळं अंगावरच हवं, आणि नजर रानावर ठेवून नुसत्या हातानं सापडायला हवं. कागदी काडतुसं घेऊन सपाट मैदानावर उभा असलेला कसलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढायचा. सुटी दारू घेऊन सातपुड्याच्या उतारावर उभ्या असलेल्या माणसाला एका बारालाच अर्ध्या मिनिटाच्या वर वेळ जायचा.

(दृश्य : म्हशीच्या शिंगाचं शिंगडं. लाकडी बूच. शेजारी छोटं शिंगडं.)

शिंगडी दोन. मोठ्यात नळीत घालायची जाड दाण्याची दारू, छोट्यात रंजक, म्हणजे कानावर (नळीच्या बुडाशी बाजूला असलेल्या बारीक भोकावर) टाकायची बारीक दारू. यांची अदलाबदल चालत नाही. बारीक दारू झपकन पेटते, नळीत घातली तर दाब एकदम चढतो. जाड दारू कानावर टाकली तर ती पेट घ्यायला रेंगाळते आणि तोवर नेम हलतो.

शिंग वापरायचं कारण साधं आहे : त्यातून ठिणगी उडत नाही आणि ओल आत शिरत नाही. बूच मात्र घट्ट हवं. ते दातांनी उपटायचं, दारू मापात ओतायची आणि बूच परत बसवूनच पुढचं काम करायचं.

माप हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा तुकडा. शिंगाचं, हाडाचं किंवा पितळेचं, बोटाएवढं. सोळा बोरच्या बंदुकीला तीन ड्रॅम, म्हणजे सव्वापाच ग्रॅमच्या आसपास दारू. सोळा बोर म्हणजे एका पौंड शिशात सोळा गोळ्या, एक गोळी सुमारे अठ्ठावीस ग्रॅमची. दहा बारांचं शिसं पाव किलोच्या वर जातं आणि दारू जेमतेम पन्नास ग्रॅम. कमरेला ओढ बसते ती शिशाची.

पण माप नुसतं मोजायला नसतं. आधीच्या बाराचा निखारा नळीच्या तळाशी धुमसत असू शकतो. शिंगड्यातून थेट नळीत दारू ओतली आणि तो निखारा तिला लागला, तर जाळ वर येतो आणि हातातलं भरलेलं शिंगडंच फुटतं. मापातून ओतलं तर पेटते ती मापापुरतीच. हात भाजतो, पण जागेवर राहतो.

(दृश्य : बटवा उलटा करून चटईवर मांडलेलं सामान.)

बटव्यात गोळ्या सुट्या टाकल्या तर पावलागणिक खडखडतात. म्हणून त्या चिंध्यांत गुंडाळायच्या. चिंधीला वंगण लागतं, आणि खानदेशचं ऊन इथे आडवं येतं. नुसतं तूप लावलं तर वैशाखात ते पातळ होऊन ओघळतं आणि दारूपर्यंत पोचलं की बार फुसका जातो. तुपात मेण मिसळलं की ते चिंधीत टिकतं.

बटव्याला बाहेरून दोऱ्यानं बांधलेलं दाभण असायचं. पोती शिवायच्या दाभणाचंच धाकटं भावंड. कानाचं भोक काजळीनं बुजलं की रंजक भडकते, धूर होतो, पण आतला बार गप्प राहतो. दाभण दोनदा आतबाहेर केलं की वाट मोकळी. ते बटव्याच्या आत ठेवलेलं असलं तर ऐन वेळी सापडत नाही, म्हणून बाहेर.

चापाचं, म्हणजे बार पेटवणाऱ्या कळीचं, सामान बंदुकीप्रमाणे बदलतं. चकमकीच्या बंदुकीला दोन जादा चकमकी, कारण वीस-तीस बारांत धार बोथटते. पुढे आलेल्या टोपीच्या बंदुकीला बार पेटवणाऱ्या तांब्याच्या टोप्या. घामट बोटांतून त्या निसटतात आणि पाचोळ्यात पडल्या की पुन्हा दिसत नाहीत. तोडेदार बंदुकीला जामगी, म्हणजे धुमसत जळणारी दोरीची वात, तासाला चार-पाच इंच जळणारी. तिच्याबरोबर एक नियम येतो : भरायला घेताना आधी जामगी घोड्यातून काढायची आणि शिंगड्यापासून लांब धरायची. कान बंदुकीच्या उजव्या अंगाला असतो, ठिणग्याही उजवीकडेच उडतात. म्हणून शिंगडं डाव्या बगलेखाली, आणि बार काढण्याआधी ते कोपरानं पाठीमागे सारायचं.

क्रम ठरलेला : दारू, गोळी, मग गज (ठासायची लांब काठी), आणि सगळ्यांत शेवटी रंजक किंवा टोपी. आधी रंजक टाकून मग ठासायला घेणारा माणूस भरल्या बंदुकीच्या तोंडावर स्वतःचा हात धरून उभा असतो.

दारू जळली की निम्म्याहून जास्त भाग घन कणांत उरतो; त्यातला काही धुराबरोबर जातो, बाकीची काजळी नळीत राहते. उन्हाळ्यात ही काजळी खडखडीत वाळते आणि तिसऱ्या-चौथ्या बाराला गोळी मधेच अडते. पावसाळ्यात ती ओल धरते, चिखल होतो. दोन्हीवर उपाय एकच : थुंकीनं ओली केलेली चिंधी गजावर गुंडाळून नळी पुसायची, मग कोरडी फिरवायची. अडलेल्या गोळीवर जोर करू नये. लाकडी गज तोंडापासून वीतभर वर धरून थोडा थोडा दाबायचा. लांब धरला तर वाकतो, मोडतो, आणि मोडलेलं टोक तळव्यात घुसतं.

गोळी दारूला टेकलीच पाहिजे. मधे पोकळी राहिली तर नळी तिथे फुगते किंवा फाटते. टेकली की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून गजावर दोन खुणा असतात : रिकाम्या नळीची एक, भरलेल्या नळीची दुसरी.

(दृश्य : गजावरच्या दोन खाचा, अगदी जवळून.)

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हळूहळू बंद झाली. पण धरणगावपासून शिरपूर-तळोद्यापर्यंत एखाद्या जुन्या घरात आजोबा-पणजोबांची ठासणीची बंदूक अजून खुंटीला निघते, आणि माळा आवरताना मुलं ती खेळायला घेतात. ती भरलेली असू शकते. काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक दशकांनीही पेटते.

तोंड भिंतीकडे करा, घोड्याला हात लावू नका. टोपी किंवा कानावर रंजक दिसली, तर काहीही न करता बंदूक तिथेच ठेवा. दिसली नाही, तर लाकडाची सरळ काडी नळीत हळूच सोडा, टेकेल तिथे तोंडाशी खूण करा. काडी बाहेर काढून नळीच्या बाजूला धरा. टोक कानाच्या भोकापर्यंत पोचलं तर नळी रिकामी. दोन-तीन बोटं अलीकडेच थांबलं, तर आत बार आहे असंच धरायचं. तो उकरू नका, तापवू नका, ठोकू नका. दोन्ही वेळा मुलांना खोलीबाहेर काढा, दाराला कडी लावा आणि पोलीस ठाण्यात कळवा.