आधी तळाची फळी उचला

नमस्कार, श्रोतेहो. हिवाळ्यात गेटवेसमोर नांगरलेल्या शिडाच्या होड्या तुम्ही पाहिल्या असतील. लांबून सगळ्या सारख्याच पांढऱ्या. त्यातली एखादी परदेशी कारखान्यात एकाच साच्यातून शेकड्यांनी निघालेली, तर एखादी चार-पाच कारागिरांच्या छोट्या यार्डात बांधलेली. यातली मजबूत कोणती?

हातानं बांधलेली, असं मीही बरीच वर्षं सांगायचो. पण फायबरचं काम लहरी. काचतंतूंच्या कापडाच्या थरांत रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारा चिकट द्रव, किती मुरलं, हवा किती दमट होती, यावर ताकद ठरते. मुंबईच्या पावसाळ्यात उघड्या शेडखाली थर चढवले, तर कसबी हातालाही ते दगा देतं. चांगल्या कारखान्यात हवा ताब्यात असते, म्हणून पन्नासावी होडी पहिलीसारखीच निघते. नुसत्या कवचापुरतं बोलायचं तर कारखाना पुष्कळदा सरस.

खरा फरक आतल्या सांध्यांत आहे. वेळ वाचावा म्हणून अनेक कारखाने आधाराची अख्खी चौकट वेगळी ओततात आणि तळाला चिकटवून टाकतात. चांगला छोटा कारागीर एकेक आडभिंत फायबरच्या पट्ट्यांनी दोन्ही बाजूंनी कवचाला बांधतो. त्यात महिने जातात. होडी खडकाला घासली तर चिकटवलेली चौकट आतल्या आत सुटू शकते आणि वरून काहीच दिसत नाही. २०१४ मध्ये अटलांटिकवर ‘चीकी रफिकी’ या कारखान्यात बनलेल्या होडीची कील, म्हणजे तळाखालचा वजनदार कणा, निखळली. चौघांचे जीव गेले. तळ पूर्वी घासला होता, दुरुस्त्याही झाल्या होत्या; त्यांनीच सांधा कमकुवत झाला असावा, असं ब्रिटिश चौकशीत म्हटलं आहे.

आता आपल्या मुंबईची ‘सुहेली’ बघा. ३२ फुटी, सागवानी, इथेच बांधलेली. तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये एकट्यानं, कुठेही न थांबता ३१२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. जगात पहिल्यांदाच! तीसुद्धा गळायची बरं का. कीलजवळची फट भर समुद्रात उघडली, तेव्हा त्यांनी बुडी मारून तिच्यात कापूस ठासला आणि वरून पट्टी ठोकली. दोष होता, पण तो दिसत होता आणि हाताला लागत होता. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

म्हणून जुनी होडी घ्यायला जाल, तेव्हा आधी तळाची फळी उचला आणि बॅटरीचा झोत टाका. कीलचे बोल्ट दिसतात का, चौकटीच्या कडेला बोट फिरवता येतं का, ते पाहा. बोल्टभोवती गंजाचा ओघळ किंवा केसाएवढी भेग दिसली, तर किमतीचं बोलणं तिथेच थांबवा आणि होडी पाण्याबाहेर काढायला सांगा.