सेसिलिया बो : चरितार्थ आणि कला

मित्रहो, आज मी जिच्याविषयी बोलणार आहे, ती चित्रकार सेसिलिया बो १८५५ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला जन्मली. जन्मानंतर बाराव्या दिवशी आई गेली. वडील फ्रेंच, रेशमाच्या धंद्यातले. त्यांना ते दुःख सोसवेना, ते मायदेशी निघून गेले. सेसिलिया आणि तिची बहीण एटा आजी-मावश्यांकडे वाढल्या. घर संस्कारांचं, पण पैसा बेताचा. पोरीनं काहीतरी कमवायला हवं होतं.

म्हणून तिनं मिळेल ते काम घेतलं. जीवाश्मांची शिळाछापासाठी रेखाटनं केली. हाडावरची प्रत्येक खाच, प्रत्येक चीर जशीच्या तशी उतरवायची. मग फोटोवरून लहान मुलांचे चेहरे चिनी मातीच्या बशांवर रंगवून भाजून दिले. आया ते पाहून हरखून जात. तिला मात्र या कामाची पुढे आयुष्यभर लाज वाटली. मला वाटतं, ती स्वतःवर जरा अन्यायच करत होती. चेहरा हुबेहूब यायलाच हवा, नाहीतर गिऱ्हाईक परत येणार नाही, ही शिस्त तिथेच अंगी बाणली.

१८८३ ते ८५ या काळात तिनं एटाला आणि एटाच्या लहानग्या मुलाला समोर बसवून एक मोठं चित्र केलं. गडद रंगातली आई, तिच्या मांडीवर रेललेला मुलगा. नाव फ्रेंच, अर्थ ‘बालपणाचे शेवटचे दिवस’. या चित्राला पेन्सिल्व्हेनिया अकादमीचं, म्हणजे फिलाडेल्फियातल्या कलाशाळेचं, मेरी स्मिथ पारितोषिक मिळालं. ते तिनं पुढे आणखी तीनदा मिळवलं. एका मैत्रिणीनं हे चित्र पॅरिसला नेलं आणि १८८७ च्या ‘सालों’त, म्हणजे तिथल्या मोठ्या कलाप्रदर्शनात, ते लागलं. सेसिलियाचं पाऊल तोवर पॅरिसमध्ये पडलंही नव्हतं! पुढच्या वर्षी ती स्वतः तिथे शिकायला गेली.

परतल्यावर तिच्या चित्रांत उजेड आला. १८९५ चं ‘न्यू इंग्लंड वुमन’ जरूर पाहा. बाई पांढऱ्या कपड्यात, पडदे पांढरे, उशापांघरुणं पांढरी. पण जवळ जाऊन पाहिलं की त्या पांढऱ्यात निळसर, जांभळट, पिवळसर छटा दिसतात. पांढऱ्यावर पांढरं रंगवणं किती अवघड, हे हातात ब्रश धरणाऱ्यालाच कळतं.

त्याच वर्षी पेन्सिल्व्हेनिया अकादमीनं तिला शिक्षक नेमलं. नियमित शिकवणारी ती तिथली पहिली स्त्री. वीस वर्षं तिनं व्यक्तिचित्रण शिकवलं. १८९९ मध्ये कार्नेगी इन्स्टिट्यूटचं सुवर्णपदक आणि १,५०० डॉलर मिळाले, तेव्हा चित्रकार विल्यम मेरिट चेस म्हणाले की, ही आजची सर्वश्रेष्ठ स्त्री-चित्रकार आहेच, पण आजवर झालेल्यांतलीही सर्वश्रेष्ठ आहे. कौतुक मनापासूनचं होतं, पण तुलना तेवढी स्त्रियांशीच. सेसिलियाला अशी वेगळी पंगत मान्य नव्हती. ‘कलेतल्या स्त्रिया’ हा विषय ‘कलेतले पुरुष’ या विषयाइतकाच विचित्र वाटेल असा दिवस यावा, असं ती जाहीरपणे म्हणत असे.

१९१९ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या नेत्यांची चित्रं काढायची ठरली, तेव्हा चित्रकारांत तिचीही निवड झाली. तिच्या वाट्याला आले बेल्जियमचे धर्मगुरू कार्डिनल मर्सिए, ब्रिटिश नौदलाचे अ‍ॅडमिरल बीटी आणि फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमांसो. ती तेव्हा चौसष्ट वर्षांची होती.