कुळागरातला घड वर कसा आणावा

(गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील बागायतदारांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

बागायतदार मंडळींनो, आत येताना तुमच्यापैकी दोघा-तिघांनी मला विचारले की जळगावकडे केळीला यंत्रे चालतात, मग आपल्याकडे का चालत नाहीत. त्याचे उत्तर जमिनीत आहे. तिकडे काळ्या, सपाट रानात दीड-दीड मीटरवर लावलेल्या केळीची हेक्टरी 4,444 झाडे बसतात, आणि ती लहान असेपर्यंत ओळींमधून छोटे यंत्र फिरवता येते. आपल्या कुळागरात, म्हणजे उतारावरच्या मिश्र बागेत, माड, पोफळी आणि मिरवेलीच्या मधे, जिथे ओल आणि उजेड मिळेल तिथे केळ उभी राहते. एका मेरेवरून, म्हणजे उतारावरच्या पायरीवजा पट्टीवरून, दुसरीवर जायला दगडी पायऱ्या असतात आणि वाटेत पाण्याचा पाट आडवा येतो. तिथे चाक वळवायलाच जागा नसते.

मीही सुरुवातीला इंजिनाच्याच मागे लागलो होतो. खड्डे खणण्यासाठी पेट्रोलवर चालणारा ऑगर घेऊन गेलो. वरची माती झटक्यात निघाली, मग पाते जांभ्यात अडकले. पाते थांबले तरी इंजिन थांबेना, तेव्हा यंत्रच उलटे फिरले आणि माझे मनगट पंधरा दिवस दुखत राहिले. पारय (पहार) दगडाला लागली की हाताला कळते, ऑगरला ते कळत नाही. खड्ड्याचे काम मी तेव्हापासून पारयीकडेच सोडले आहे.

मग इंजिन बाजूला ठेवून तागडी आणि टेप घेतला. समजा, घड पंधरा किलोचा आहे, तो वाहणारी बाई पंचावन्न किलोची आहे आणि रस्ता कुळागराच्या आठ मीटर वर आहे. दर खेपेला सत्तर किलो वर चढतात, त्यांतले केळ्यांचे फक्त पंधरा. म्हणजे पाचांतले जवळजवळ चार भाग श्रम स्वतःचेच शरीर चढवण्यात जातात, आणि तेही चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी, जेव्हा गणपतीच्या वर फळांनी सजवायच्या माटोळीसाठी न खरचटलेला घड हवा असतो आणि पायऱ्यांवर शेवाळ धरलेले असते. एकदा हे ध्यानात आले की यंत्राने काय करायचे ते ठरते: माणसाने एका जागी उभे राहावे आणि घडाने एकट्याने वर यावे.

त्यासाठी मी खालच्या मेरेपासून रस्त्यापर्यंत पंचवीस मीटर लांब तारेचा दोर ताणला, त्यावर कप्पीची गाडी बसवली आणि वर हाताने फिरवायचा रहाट ठेवला. रहाटाला दातेरी चाक आणि खटका आहे, म्हणून मूठ सुटली तरी घड मागे येत नाही. ज्यांचा रस्ता खालच्या बाजूला आहे त्यांना रहाट लागणार नाही, पण ब्रेक लागेल. आठ मीटर खाली मोकळा सुटलेला घड, घर्षण सोडून दिले तर, ताशी पंचेचाळीस किलोमीटरने तळाला आदळेल.

दोर पोफळीला बांधू नका, हे मी पुन्हापुन्हा सांगतो, कारण सगळ्यांना तेच सुचते. पंचवीस मीटरच्या दोरावर पंधरा किलोचा घड मध्यावर आला आणि दोर एक मीटर झोळला, तर त्यात सुमारे चौऱ्याण्णव किलोचा ताण येतो. झोळ कमी करायला दोर आणखी ताणाल, अर्ध्या मीटरवर आणाल, तर तो ताण दुप्पट होतो. पोफळीचे सडपातळ खोड त्याने वाकते. खांब वेगळा पुरावा आणि त्याला मागून तणावा द्यावा.

रहाटात मात्र मी शहाणपणा जास्त केला. हात हलका चालावा म्हणून गाडी ओढणारी दोरी गुंडाळायचे त्याचे पिंप पाच सेंटिमीटर त्रिज्येचे ठेवले. एक घड वर आणायला ऐंशी फेरे लागू लागले. कामेरी (मजूर) हसले, आणि पुढच्या घडाच्या वेळी रहाट सोडून घड खांद्यावर टाकून निघालेही. दहा सेंटिमीटर त्रिज्येचे पिंप बसवल्यावर चाळीस फेरे झाले. जोर दुप्पट लागतो, पण कोणी तक्रार करत नाही.

आता राहिला गाडीला घड अडकवायचा आकडा. कापणारा खुंटाला अर्धा छेद देतो, केळ हळूहळू वाकते आणि खाली उभी असलेली बाई चीक अंगावर येऊ नये म्हणून गोणपाट पांघरून घड खांद्यावर झेलते. मी आकडा डोक्याच्या वर लावला होता, म्हणजे झेललेला घड तिला पुन्हा उचलावा लागे. तिने कोयत्याच्या टोकाने खांबावर खांद्याच्या उंचीला खूण केली आणि म्हणाली, ‘हंय (इथे) लाव.’ घडाचा दांडा हातभर लांब ठेवून कापला, तर त्या खुणेवरचा आकडा घड सरळ खांद्यावरून उचलून घेतो.