टपरीवरची माळ

मंडळी, पत्रिकेवर विषय मोठा छापलाय: माध्यमं, जाहिराती आणि तरुणांचं आरोग्य. गुटखा-पानमसाला, एनर्जी ड्रिंक आणि रंगरूपाचं वेड असे तीन भाग मी ठरवून आलोय. पण आधी एक काम करा. आपल्याच हाताची मधली तीन बोटं जुळवा, उभी धरा आणि वरच्या-खालच्या दातांच्या मधे घालून बघा. लाजू नका. अध्यक्षसाहेब, तुम्हीही. फोटोवाल्यांनी तेवढा कॅमेरा खाली ठेवावा, नाहीतर उद्याच्या पेपरात अख्खं सभागृह बोटं चोखताना दिसेल.

जमलं? निरोगी माणसाचं तोंड साधारण आपल्याच तीन बोटांइतकं उघडतं. मागच्या रांगेतली काही मुलं हसतायत, पण हात वर नेत नाहीयेत. त्यांना मी इथून काही विचारणार नाही. कार्यक्रम झाल्यावर भेटा, फी लागणार नाही.

मी दाताचा डॉक्टर. बीड-परभणीच्या मधल्या टापूत माझा दवाखाना आहे. दसरा झाला की आमच्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यावर निघतात. उचल घेतलेली असते, ट्रक ठरलेला असतो. त्याच गडबडीत एक माय पोराला घेऊन आली. म्हणाली, "डॉक्टरसाहेब, ह्याला ठेचा चालंना, भाकर चालंना. नुसता दहीभात खायलाय बगा. आमी गेल्यावर ह्याला दहीभात कोन करून घालंल?"

पोरगा एकोणीस वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करणारा. पहाटे उठून सोळाशे मीटर मारणारा. छाती भरलेली, पिंढऱ्या दगडासारख्या. अशा पोराला दाताच्या डॉक्टरकडे काय काम, असं कुणालाही वाटावं. मी म्हटलं, आ कर. दीड बोट. त्याच्यापुढे तोंड उघडेना. गाल आतून पांढुरके पडलेले आणि बोट फिरवलं तर आत ताणलेल्या दोऱ्या हाताला लागत होत्या.

मी विचारलं, "तंबाखू खातोस?"

"नाही सर, आईशप्पथ. तंबाखूला हातसुद्धा लावत नाही. साधी पुडी खातो."

"साधी म्हणजे कुठली?"

"ती टीव्हीवर येती ना सर, केशरवाली."

मंडळी, पोरगा खोटं बोलत नव्हता, हे मला तुम्हाला कळकळीनं सांगायचंय. शाळेत त्यानं तंबाखूमुक्तीची शपथ घेतली होती आणि ती पाळलीही होती. तंबाखू वाईट हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यानं तंबाखू नसलेली पुडी निवडली. त्याच्या हिशेबानं तो शहाण्यासारखा वागला होता. पण पानमसाल्याच्या त्या पुडीत सुपारी असते, आणि तोंड बांधलं जातं, म्हणजे उघडेनासं होतं, ते मुख्यतः सुपारीनं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली सुपारीला, एकट्या सुपारीला, तंबाखूशिवाय, माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. हे त्या पोराला कुणी सांगितलं? शाळेनं नाही. आम्ही डॉक्टरांनीही फारसं नाही. केशर आणि वेलचीचं मात्र त्याला रोज संध्याकाळी क्रिकेटच्या दोन षटकांमधे कुणीतरी सांगत होतं, आणि सांगणारा त्याचा आवडता हिरो होता.

माय मधेच म्हणाली, "मीबी मिसरी लावतेच की, पर ती दातासाठी आसती." मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. पण मिसरीची जाहिरात मी कधी कुठे पाहिली नाही. ती आजीकडून लेकीकडे आणि सासूकडून सुनेकडे जाते. म्हणजे सगळं पाप जाहिरातीच्या माथी मारता येणार नाही, हेही मी मान्य करतो. पण माय मिसरी लपून लावते आणि पोरगा पुडी चारचौघात फोडतो. हा फरक जाहिरातीनं केलाय.

पोराला व्यायाम दिला. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि दर आठवड्याला एक काडी वाढवायची. गालात इंजेक्शनं दिली. पुडी सुटली. आज तो दोन बोटांपर्यंत आलाय. तिसरं बोट जाईल असं मी त्याला सांगितलेलं नाही, कारण बांधलं गेलेलं तोंड सहसा पूर्ववत होत नाही.

त्याला मी विचारलं, पहिली पुडी कुठे खाल्ली? म्हणाला, सातवीत, शाळेसमोरच्या टपरीवर. वही घेतली, दुकानदाराकडे सुट्टे नव्हते, तर त्यानं बदल्यात पुडी दिली.

इथेच माझा मुद्दा आहे. आपण जाहिरात म्हटलं की टीव्ही, मोबाईल, रील यांच्याकडे बोट दाखवतो. ते काम अर्धंच. पडदा त्या वस्तूला प्रतिष्ठा देतो, पण ती गळ्यात पडते टपरीवर. टपरीच्या दर्शनी भागात पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात, सातवीतल्या पोराच्या नजरेच्या बरोबर उंचीवर. शेजारी बिस्किटं, गोळ्या, वह्या. वर कंपनीनं फुकट रंगवून दिलेली पाटी, तोच रंग, तेच नाव, तोच हिरो. पोराला वाटतं, जे टीव्हीवर आहे ते आपल्या गावातही आहे.

कायदा काय म्हणतो? तंबाखूच्या जाहिरातीला २००३ च्या कायद्यानं बंदी आहे. महाराष्ट्रात गुटखा आणि पानमसाला यांच्यावर जुलै २०१२ पासून बंदी आहे आणि ती वर्षावर्षानं वाढवली जाते. तरी राज्याच्या सीमेवरच्या उदगीर, देगलूर, उमरग्याकडून गुटखा पकडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. कंपन्या त्याच नावाची वेलची काढतात आणि जाहिरात वेलचीची करतात. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अशा आडून केलेल्या जाहिरातींना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. तुम्ही आज घरी जाऊन टीव्ही लावा आणि काय थांबलंय ते बघा.

आणि आपली जनजागृती कधी? ३१ मे, जागतिक तंबाखूविरोधी दिन. त्या दिवशी आपल्याकडे शाळांना उन्हाळी सुट्टी असते! पोरं मामाच्या गावाला, शाळेला कुलूप. टपरी मात्र उघडी. ज्यांनी तो दिवस ठरवला त्यांच्यासमोर मराठवाड्याचा उन्हाळा नसणार, हे समजू शकतं. पण आपण तो कार्यक्रम शाळा उघडल्यावर, जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात का घेत नाही?

संयोजकांची चिठ्ठी आली, सात मिनिटं उरलीत. राहिलेले दोन भाग भराभर सांगतो.

एनर्जी ड्रिंक. लातूर-नांदेडला नीट या मेडिकल प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी राहिलेली मुलं रात्र जागायला पितात, भरतीची मुलं पहाटे मैदानावर पितात. वीस रुपयांत बाटली मिळते, जाहिरातीत ती प्यायली की माणूस विजेसारखा पळतो. नियमानं त्यात लिटरमागे ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं. लहान मुलांनी, गरोदर बायकांनी पिऊ नये आणि दिवसाला ५०० मिलिलिटरच्या वर घेऊ नये, असं बाटलीवर लिहिणं बंधनकारक आहे. लिहिलेलं असतं, पण मागच्या बाजूला, मला चष्मा लावून वाचावं लागतं अशा अक्षरात. भरतीच्या मुलांनो, रिकाम्या पोटी ती बाटली पिऊन पळू नका. छाती धडधडायला लागली तर पळणं थांबवा आणि दवाखाना गाठा.

रंगरूप. कॉलेजच्या मुली गोरेपणाची क्रीम लावतात, तीत स्टिरॉईड असेल तर चेहरा लाल होतो, कातडी पातळ पडते. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय अशी क्रीम घेऊ नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ च्या, महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. चेहऱ्यावरचा फिकेपणा अनेकदा त्यामुळे असतो आणि लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. गोरेपणाची जाहिरात गल्लोगल्ली आहे, या गोळ्यांची मला एका आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवर दिसली, तीही पावसानं पुसलेली.

शेवटची दोन मिनिटं. शाळेपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटर, तंबाखू विकता येत नाही. त्याचा दंड २०० रुपयांपर्यंत आहे, म्हणून कुणी घाबरत नाही. पण अल्पवयीन मुलाच्या हातात तंबाखूची पुडी दिली तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७७ लागतं, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी. हे कलम टपरीवाल्याला माहीत नाही, सरपंचालाही नसतं. येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तीन गोष्टी ठरवा. शाळेच्या फाटकापासून टेप धरून अंतर मोजायचं. गावातल्या भिंती आणि दुकानांच्या पाट्या पुडीच्या कंपन्यांना रंगवायला द्यायच्या नाहीत. आणि टपरीवरच्या माळा, वेलचीच्या असोत की कसल्याही, पोरांच्या नजरेसमोरून काढायच्या. ठरावाचा मसुदा मी लिहून आणलाय, प्रती त्या टेबलावर ठेवल्यात. ज्यांना गावाचं नाव घालून हवा असेल त्यांनी थांबावं, मी इथेच आहे.