साडेनऊचं ताट

आयोजकांनी व्याख्यानाची वेळ संध्याकाळी साडेसातची ठेवली, तेव्हाच मी त्यांना म्हटलं होतं, अहो, विषय उपवासाचा, आणि माझं ऐकून लोक घरी जाऊन जेवणार रात्री साडेनऊला! ते म्हणाले, ‘डॉक्टर, सातच्या आधी ठेवलं तर तुमचं भाषण खुर्च्या ऐकतील.’ खरं आहे. आज मला जे सांगायचंय त्यातलं निम्मं त्यांच्या या एका वाक्यात आलं.

गेली २६ वर्षं मी या गावात प्रॅक्टिस करतोय. पूर्वी पेशंट विचारायचे, ‘भात बंद करू का?’ हल्ली विचारतात, ‘सोळा-आठ करू का?’ विचारणाऱ्याने ते बहुधा आधीच सुरू केलेलं असतं, मोबाइलवर बघून. माझ्याकडे तो फक्त शिक्का मारून घ्यायला येतो. सोळा-आठ म्हणजे दिवसातले १६ तास पाणी सोडून पोटात काही घालायचं नाही, आणि जे काही खायचं ते उरलेल्या ८ तासांत. दुसरा एक प्रकार पाच-दोनचा, आठवड्यातले दोन दिवस अगदी मोजकं खाण्याचा. तो २०१२ साली पत्रकार मायकल मोस्ली यांनी बीबीसीवरून इंग्लंडात घरोघरी पोचवला.

आपल्याकडे मात्र ही चर्चा इंटरमिटंट फास्टिंग, म्हणजे ठरावीक वेळ उपाशी राहणं, असं भारदस्त नाव घेऊन आलीच नाही. ती आली ‘दीक्षित की दिवेकर?’ अशी. डॉ. श्रीकांत जिचकारांची दोन वेळा जेवायची पद्धत डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव नेली. कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखा, ५५ मिनिटांत जेवण आटपा, अधेमधे काही नाही. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं म्हणणं, थोड्या थोड्या वेळाने, घरचं आणि ताजं खा. लग्नाच्या पंगतीत मी या दोन पक्षांना हमरीतुमरीवर आलेलं पाहिलंय. गुलाबजाम दोघांच्याही पानात होते.

आता पोटात काय होतं ते थोडक्यात सांगतो. घरात धान्य दोन ठिकाणी असतं असं समजा. एक ओट्यावरचा डबा आणि एक माळ्यावरची कणगी. यकृतातली साखरेची साठवण, म्हणजे ग्लायकोजेन, हा ओट्यावरचा डबा. त्यात साधारण १०० ग्रॅम माल. चरबी ही कणगी. जेवलात की रक्तात इन्सुलिन वाढतं, आणि ते वर असेपर्यंत कणगीला कुणी हात लावत नाही. उलट तीत भरच पडते. खाणं थांबून दहा-बारा तास झाले की डबा हळूहळू तळाला जायला लागतो, इन्सुलिन उतरतं आणि शरीर माळ्यावर चढतं. तासाच्या ठोक्याला काही बटण दाबलं जात नाही. काल रात्री तुम्ही काय जेवलात, सकाळी किती चाललात, यावर ते मागेपुढे होतं.

पहिल्या आठवड्यात जे दोन किलो उतरतात आणि आपण गावभर सांगतो, त्यातलं बरंचसं पाणी असतं. ग्लायकोजेन आपल्या तिप्पट वजनाचं पाणी धरून बसतं. डबा रिकामा झाला की पाणीही गेलं. एक किलो चरबी जाळायची तर साधारण ७,७०० कॅलरींची तूट पडावी लागते. ती आठवड्यात पडत नाही.

आणि ते ‘ऑटोफॅजी’. पेशी स्वतःमधला मोडका माल स्वतःच खाऊन साफ करतात, त्या प्रक्रियेला हे नाव आहे. योशिनोरी ओहसुमी या जपानी शास्त्रज्ञाला त्यावरच्या कामासाठी २०१६ चं नोबेल मिळालं, आणि तेव्हापासून प्रत्येक व्हिडिओत सोळाव्या तासाला ऑटोफॅजी सुरू होते! ओहसुमींचं मूळ काम यीस्टवरचं आहे. यीस्ट म्हणजे पावात असतं ते. आपण पाव नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

आता माझं सांगतो. तीन वर्षांपूर्वी माझं वजन ८३ किलो होतं, कंबर ९८ सेंटीमीटर आणि तीन महिन्यांची साखर, एचबीए१सी, ६.१. म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. दिवसभर लोकांना ‘वजन कमी करा’ म्हणायचं आणि खुर्चीतून उठताना टेबलाला पोट लागायचं. मी सोळा-आठ सुरू केलं. सगळे करतात तसंच केलं. सकाळचे पोहे सोडले, दुपारी बारा ते रात्री आठ ही खाण्याची खिडकी धरली. सोपं गेलं. सकाळी ओपीडीत भूक आठवायला वेळ नसतो. तीन आठवड्यांत अडीच किलो उतरले. मी पेशंटना न विचारता सांगायला लागलो.

पुढचे दोन महिने काटा तसूभर हलला नाही.

मग मी एका वहीत लिहायला लागलो, आणि वहीने माझी लाज काढली. बाराला जेवायला बसायचो तेव्हा तीन पोळ्यांच्या पाच झालेल्या. सहा वाजता ‘आठच्या आत आहे ना’ म्हणून चिवडा. पावणेआठला जेवण, आणि खिडकी बंद व्हायच्या आत घाईघाईने एक वाटी श्रीखंड. खिडकी बंद होते म्हटल्यावर माणूस तिच्यातून जमेल तेवढं आत ओढून घेतो. रेल्वेचा दरवाजा लागताना आपण काय करतो, तेच.

नंतर अभ्यास वाचले तर माझी वही तिथे छापलेलीच होती. अमेरिकेत ११६ लोकांवर १२ आठवड्यांचा एक प्रयोग झाला, २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. खिडकी माझीच, बारा ते आठ, आणि त्या वेळात हवं ते खा. या गटाचं वजन सरासरी ०.९४ किलोने उतरलं आणि तीन वेळा जेवणाऱ्यांचं ०.६८ ने. म्हणजे फरक नाहीच. शिवाय जे वजन गेलं त्यात चरबीपेक्षा इतर भागाचा, स्नायू धरून, वाटा नको तितका मोठा होता. दुसरा प्रयोग चीनमध्ये ग्वांगझूचा, २०२२ चा. १३९ लठ्ठ माणसं, पूर्ण वर्षभर. दोन्ही गटांना कॅलरी कमी दिलेल्या, एका गटाने त्या सकाळी आठ ते दुपारी चार यातच खायच्या. वर्षअखेर त्यांचं वजन ८ किलोने कमी झालं, नुसत्या कॅलरी मोजणाऱ्यांचं ६.३ ने. हा फरकही योगायोगाने पडू शकतो इतकाच. वजन उतरतं ते कमी खाल्ल्यामुळे. घड्याळ फक्त कमी खायला मदत करतं, आणि तेही करू दिलं तर.

मग घड्याळाला काहीच अर्थ नाही का? आहे, पण तो अर्थ खिडकी किती तासांची यापेक्षा ती दिवसाच्या कुठल्या भागात उघडते यात आहे, असं माझं मत झालंय. २०१८ चा एक छोटासा प्रयोग आहे, मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे आठच पुरुष. पाच आठवडे त्यांना सगळं खाणं सहा तासांत दिलं, शेवटचं जेवण दुपारी तीनच्या आत. वजन उतरू नये म्हणून मुद्दाम पुरेसं खाऊ घातलं. वजन तेवढंच राहिलं, तरी इन्सुलिनचं काम सुधारलं आणि रक्तदाबही उतरला. आठ माणसांवरून मी कायदा करणार नाही. पण सकाळी शरीर साखर जितकी चांगली हाताळतं तितकी रात्री हाताळत नाही, हे इतर बऱ्याच कामांवरून ठाऊक आहे. पोहे सोडून रात्रीचं ताट सांभाळणारी माझी खिडकी उलट्या भिंतीला होती.

आपल्या गावात हे ज्यांना कुणी शिकवावं लागलं नाही, ते जैन बांधव. बाजारपेठेतले कितीतरी व्यापारी चौविहार पाळतात, सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणी नाही. सकाळी नवकारशी करणारे सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी तोंडात काही घालतात. डिसेंबरात हिशेब करा. संध्याकाळी सहाला सूर्य मावळला, सकाळी सातला उगवला, वर ४८ मिनिटं. जवळजवळ चौदा तास झाले. हेतू अहिंसेचा, वजनाचा नव्हे, आणि चौविहार पाळणारे ढेरपोटेही मी तपासलेत. तरीही मला त्यांचा हेवा वाटतो तो एका गोष्टीसाठी. त्यांच्याकडे सगळं घर एका वेळी जेवतं.

कारण मी खिडकी हलवायची ठरवली, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सात, तेव्हा घरात काय झालं ते ऐका. मुलगी नोकरीवरून येते साडेआठला. माझी ओपीडी सुटते आठला. सातला मी जेवणार म्हणजे बायकोने स्वयंपाक साडेसहाला करायचा, मुलीसाठी साडेआठला पुन्हा पोळ्या लाटायच्या, आणि सगळ्यांचं झालं की साडेनऊला स्वतः बसायचं. माझं आरोग्य सुधारत होतं आणि तिचा एक स्वयंपाक वाढला होता. पंधराव्या दिवशी ती म्हणाली, ‘उपास तुमचा, आणि पारणं माझं चाललंय.’

मला तोवर हे दिसलंच नव्हतं. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी रात्री लवकर जेवा म्हणून सांगत होतो, आणि त्या माना डोलावत होत्या. त्यांचं जेवण कधी हे त्या ठरवतच नाहीत. सासऱ्यांचं सातला, मुलांचं आठला, नवरा दुकान बंद करून येणार तेव्हा त्याचं, आणि मग उरलेल्या भातासकट तिचं. ताट धुऊन ती लगेच आडवी होते. तिला सोळा-आठ सांगायचं असेल तर आधी तिच्या नवऱ्याला बोलवावं लागतं. मी आता बोलवतो. काही येतात.

आमच्या घरी तोडगा निघाला तो असा. मी ओपीडी साडेसहाला थांबवून घरी जेवून पुन्हा जातो, ताटं वाढायचं काम माझ्याकडे, बायको माझ्याबरोबर सातला बसते, आणि मुलीने आपली भाकरी स्वतः गरम करून घ्यायची. हे बसायला चार महिने लागले. चौदा महिन्यांत वजन ७७ झालं, साखर ५.७. त्यात रोजच्या चालण्याचा वाटा किती आणि खिडकीचा किती, मला वेगळं काढता येत नाही. अजूनही आठवड्यातून एखादा दिवस फसतो. आजचा फसणार आहे.

‘आम्हाला काय सांगता, आम्ही जन्मभर उपास करतोय’ असं पहिल्या रांगेतल्या आजी मघापासून चेहऱ्यावरून म्हणतायत. आजी, खरं आहे. वर्षाच्या २४ एकादश्या, १२ संकष्ट्या, श्रावणी सोमवार, महाशिवरात्र, हरतालिका. चातुर्मासात एकभुक्त राहणारी माणसं माझ्या लहानपणी आळीत होती, धारणं-पारणं करणारीही होती. पण एकादशी दुप्पट खाशी ही म्हण काही परदेशातून आलेली नाही. १०० ग्रॅम कोरडा साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, ३५० कॅलरी. त्यात मूठभर दाण्याचा कूट, दोन चमचे तूप, बटाटा. एका बशीत तीन ज्वारीच्या भाकऱ्यांचा ऐवज, आणि भाकरीबरोबर भाजी तरी असते. वर केळं, वर दूध. संकष्टीला तर चंद्रोदयाची वाट बघत दिवस काढायचा आणि रात्री साडेनऊ-दहाला मोदकांवर बसायचं. श्रद्धेने करत असाल तर जरूर करा, त्यात मी बोलणार नाही. वजनासाठी करत असाल तर खिचडीऐवजी भगर, ताक आणि लाल भोपळ्याची भाजी घ्या.

काही जण म्हणतील, आम्ही तर बारीक आहोत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, ते आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपल्या सडपातळ शर्टाआड हे दडलेलं असतं. म्हणून वजनकाट्याआधी शिंप्याची टेप आणा. कंबर पुरुषाची ९० सेंटीमीटरच्या आत, बाईची ८० च्या आत.

शेवटचं, आणि हे मोबाइल खाली ठेवून ऐका. दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ एसटी स्टँडवर घेरी येऊन पडले. लोकांना वाटलं, प्यायलेत. साखर तपासली तर ४८, म्हणजे फारच खाली. व्हिडिओ बघून त्यांनी सकाळचं खाणं बंद केलं होतं, पण ग्लिमेपिराइडची गोळी नेमाने घेतली होती. ही गोळी पोटात अन्न आहे की नाही ते विचारत नाही, इन्सुलिन सोडायला लावते. इन्सुलिनचं इंजेक्शनही तसंच. एकटी मेटफॉर्मिन असेल तर ही भीती कमी. नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असणाऱ्या गोळ्यांबरोबर लांब उपवास केला तर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठू शकतं, मळमळ होते, श्वास लागतो. गोळीचा डोस आणि वेळ बदलल्याशिवाय या लोकांनी एकही जेवण सोडायचं नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, वाढत्या वयाच्या मुलामुलींनी तर हा नाद करूच नये.

प्रश्न माईकवर घ्यायची इथली पद्धत आहे, त्याला हरकत नाही. पण ज्यांना साखरेच्या गोळ्या चालू आहेत आणि उद्यापासून काही सुरू करायचंय, त्यांनी माईकपाशी जाऊ नका. खिशात, पर्समध्ये गोळ्यांची पट्टी असेल तर ती घेऊन इकडे टेबलापाशी या. मागचं बारीक अक्षर वाचायला मी जवळचा चष्मा आणलाय.